भाकरी फिरवून काय होणार, तवाच थंड असेल तर?

कोल्हापुरात फुटबॉल बघणारा माणूस दोन आयुष्यं जगतो. दुपारी शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि रात्री घरी टीव्हीचा आवाज एकदम बारीक करून मँचेस्टर युनायटेडची मॅच बघायची, कारण घरचे झोपलेले असतात. मग सकाळी चहाच्या गाड्यावर पंचनामा. ह्या पंचनाम्यात गेली बारा-तेरा वर्षं दोनच पार्ट्या आहेत. एक म्हणते हाकला ह्या मॅनेजरला, ह्याला झेपत नाही. दुसरी म्हणते थांबा की जरा, फर्गीलाही, म्हणजे अ‍ॅलेक्स फर्गसनलाही, वेळ लागला होता. मॉयस होता तेव्हा हेच, व्हॅन गाल होता तेव्हा हेच, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, अमोरिम, सगळ्यांच्या वेळी शब्द न शब्द हेच. नाव तेवढं बदलायचं. आणि मला आता राग युनायटेडचा कमी आणि ह्या वादाचा जास्त यायला लागलाय, कारण दोन्ही पार्ट्या जे बोलतात त्यात क्लब चालवणाऱ्या लोकांचं नावच कुठं येत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. काढायचा की ठेवायचा हा प्रश्न अर्धवट आहे. पुढचा माणूस ह्याच खेळाडूंकडून नेमकं काय वेगळं करून घेणार हे ज्या क्लबला साध्या दोन वाक्यांत सांगता येतं, त्यानं खुशाल काढावा, उद्या नाही आजच काढावा. आणि ज्याला सांगता येत नाही त्यानं आधी आरशात बघावं. युनायटेडला २०१३ पासून हे एकदाही सांगता आलेलं नाही, म्हणून तिथं काढणंही चुकतं आणि ठेवणंही चुकतं.

आधी थांबा-पार्टीकडं वळतो, कारण त्यांच्याकडं गोष्ट भारी आहे. ६ नोव्हेंबर १९८६ ला अ‍ॅलेक्स फर्गसन आला तेव्हा युनायटेड २२ टीमच्या लीगमध्ये २१ व्या नंबरवर होती. पहिल्या सीझनला ११ वा नंबर, मग दुसरा, मग परत ११ वा, मग १३ वा. सप्टेंबर १९८९ मध्ये गावातल्याच मँचेस्टर सिटीनं ५-१ नं धुतलं. डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर बॅनर लागला, तीन वर्षं सबबी ऐकतोय आणि टीम अजून भंगारच आहे, निघ आता फर्गी, अशा अर्थाचा. ७ जानेवारी १९९० ला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एफए कपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेत, मार्क रॉबिन्स नावाच्या पोरानं गोल मारला, १-० जिंकले, मे महिन्यात कप आला, १९९३ ला २६ वर्षांनी लीग आली आणि २०१३ ला म्हातारा रिटायर झाला तेव्हा १३ लीग खात्यावर होत्या. ही गोष्ट मी स्वतः शंभरदा सांगितलीय आणि दरवेळी अंगावर काटा येतो. पण ह्या गोष्टीतून लोक जे काढतात ते चूक आहे. लोक म्हणतात वेळ दिला म्हणून झालं. वेळ तर कुणालाही देता येतो हो. त्या तीन वर्षांत फर्गसननं स्काउटिंगचं जाळं नव्यानं विणलं, पोरांची अकादमी उभी केली, गिग्ज नावाच्या शाळकरी पोराच्या घरी स्वतः जाऊन त्याला सही करायला लावली, दारू पिऊन ट्रेनिंगला यायची जी पद्धत पडली होती ती मोडली आणि त्यासाठी मॅकग्रा, व्हाइटसाइडसारखे लोकांचे लाडके प्लेयर विकून टाकले. चेअरमन मार्टिन एडवर्ड्सनं नंतर सांगितलंय की फॉरेस्टची मॅच हरलो असतो तरी त्याला काढणार नव्हतो, कारण खाली काय चाललंय ते बोर्डाला दिसत होतं. म्हणजे बोर्ड रिझल्टकडं डोळेझाक करून देवावर भरवसा ठेवून बसलं नव्हतं. ते काम बघत होते. आज युनायटेडच्या बोर्डात काम बघून कळणारा माणूस कोण, हा प्रश्न थांबा-पार्टीतल्या कुणी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि एक गंमत सांगतो, जी ह्या पार्टीवाल्यांना चालत नाही. फर्गसन आला कसा? रॉन अ‍ॅटकिन्सनला काढलं म्हणून. ज्या अ‍ॅटकिन्सननं १९८३ आणि १९८५ ला एफए कप आणला होता, त्याला सीझनच्या मध्येच, नोव्हेंबरात काढलं आणि लगेच फर्गसनला बसवलं. सबुरीचा जो देव आपण देव्हाऱ्यात मांडलाय तो आलाच मुळी एका हकालपट्टीतून. तेव्हा थांबा-पार्टी सुरू असती आणि तिचं ऐकलं असतं तर फर्गसन त्याच्या जुन्या अ‍ॅबरडीन क्लबातच राहिला असता. शिवाय वेळ दिला आणि काहीच हाती लागलं नाही असे मॅनेजर आपल्याला आठवत नाहीत, कारण त्यांच्यावर कुणी डॉक्युमेंटरी काढत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री सिनेमा बघून पहिला आलेला एक पोरगा प्रत्येक कॉलेजात असतो, त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, सिनेमा बघून नापास झालेल्या चाळीस जणांची यादी कुणी ठेवत नाही.

खरं तर युनायटेडच्या इतिहासात फर्गसनपेक्षा जास्त शिकवणारी गोष्ट त्याच्या आधीची आहे. १९६९ ला तेव्हाचा मोठा मॅनेजर मॅट बझबी बाजूला झाला. त्याच्या जागी विल्फ मॅकगिनेस, दीड वर्षात गेला, मधल्या काळाला परत बझबीच, मग फ्रँक ओ'फॅरेल, तोही दीड वर्षात गेला, मग टॉमी डॉकर्टी, आणि १९७४ ला युरोपियन कप जिंकलेली टीम सहा वर्षांत दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. एवढा मोठा माणूस गेल्यावर क्लबनं स्वतःचं डोकं वापरायचं असतं हे त्यांना तेव्हा कळलं नाही, २०१३ ला पण कळलं नाही. मॉयसला सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि दहा महिन्यांत काढलं. आता ह्यात चूक कुठली, सहा वर्षं की दहा महिने? मी म्हणतो दोन्ही एकाच डोक्यातून आलं, म्हणजे डोकं नसण्यातून.

आता हाकला-पार्टी. ह्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा म्हणजे नवा आला की टीम उसळी मारते, आणि हे खोटं नाही, डोळ्यांनी बघितलंय. १८ डिसेंबर २०१८ ला मोरिन्योला काढला, सोल्शायर आला, पहिल्या आठच्या आठ मॅच जिंकल्या, मार्चमध्ये पॅरिसला जाऊन ०-२ ची पिछाडी ३-१ नं फेडली, त्या रात्री मी घरच्यांना उठवलं होतं त्याची शिक्षा आठवडाभर भोगली. २८ मार्चला त्याला कायम केला. आणि मग? उरलेल्या सीझनमध्ये दोन मॅच जिंकल्या, शेवटी हडर्सफील्डशी बरोबरी आणि कार्डिफकडून घरच्या मैदानावर ०-२, ह्या दोन्ही टीम त्या वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये गेलेल्या होत्या. आता जरा मागं जाऊन बघा. सोल्शायरच्या पहिल्या दोन मॅच कुणाशी होत्या? कार्डिफ आणि हडर्सफील्ड. मोरिन्योची शेवटची मॅच कुठं होती? लिव्हरपूलमध्ये, आणि ती ३-१ नं हरले. म्हणजे जो आला त्याच्या ताटात आधी शिरा वाढला आणि जो गेला त्याच्या ताटात शेवटी मिरची होती, आणि आपण म्हणालो नव्या आचाऱ्याच्या हाताला काय चव आहे!

मॅनेजरला काढतात कधी, ह्याचा विचार करा. टीम तिच्या नेहमीच्या पातळीच्या खूप खाली गेलेली असते तेव्हाच काढतात, चांगलं चाललेलं असताना कोण काढेल. आणि खूप खाली गेलेली गोष्ट बहुतेक वेळा आपोआप थोडी वर येते, पोस्टला लागून बाहेर जाणारे शॉट आत जायला लागतात, जखमी प्लेयर परत येतात, फिक्स्चर सोपे होतात. आपल्याकडं म्हणतात ना, सर्दीला औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते आणि नाही घेतलं तर आठवडा लागतो. नेदरलँड्सचा एक अर्थतज्ज्ञ आहे, बास तेर वेल, त्यानं डच लीगची १९८६ ते २००४ अशी अठरा वर्षं घेऊन नेमकं हेच तपासलं. मॅनेजर काढलेल्या टीम एका बाजूला आणि तेवढीच घसरण होऊनही मॅनेजर न काढलेल्या टीम दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडं सुधारणा जवळपास सारखीच. आता एका देशाच्या लीगवरून सगळ्या जगाचा निकाल लावता येत नाही हे मला मान्य आहे, पण निदान उसळी दिसली की लगेच नव्या माणसाच्या नावानं पेढे वाटायच्या आधी सातव्या दिवसाची आठवण ठेवायला काय हरकत आहे?

पण मी इथं थांबलो तर मीही त्या गाड्यावरच्या लोकांसारखाच झालो, सोयीचं तेवढं सांगितलं. तेव्हा जे माझ्या विरोधात जातं ते बघू. लेस्टर घ्या. २०१६ ला लीग जिंकून जगाला वेड लावलं त्या रानिएरीला पुढच्याच फेब्रुवारीत काढलं, सगळं जग हळहळलं, मी पण शिव्या दिल्या. पण टीम खाली जायच्या झोनपासून एका पॉइंटवर होती आणि त्याच्याच असिस्टंटनं, क्रेग शेक्सपिअरनं लीगमधल्या पहिल्या पाच मॅच ओळीनं जिंकल्या आणि शेवटी १२ वा नंबर आणला. चेल्सी तर ह्या पार्टीचं पंढरपूरच आहे. मालक अब्रामोविचच्या काळात मॅनेजर रुमाल बदलावे तसे बदलले आणि पाच लीग, दोन चॅम्पियन्स लीग आणल्या. मार्च २०१२ मध्ये विलाश-बोआशला काढून डी मात्तेओला बसवला, मे महिन्यात म्युनिकला कप. जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्डला काढून टुखेलला आणला, मे महिन्यात पोर्तोत कप. हे योगायोग म्हणून उडवून लावता येत नाही, दोन-दोनदा योगायोग होत नसतो.

मग चेल्सीला जमलं आणि इतरांना का नाही? माझं म्हणणं आहे की चेल्सीत मॅनेजर सोडून बाकी बरंच काही जागेवर होतं. २०१२ ला ड्रेसिंग रूम चेक, टेरी, लॅम्पार्ड, द्रोग्बा ह्या जुन्या प्लेयरांची होती, ते चेल्सीतल्या मोरिन्योच्या पहिल्या दिवसापासून एकत्र होते, विलाश-बोआश त्यांना बाजूला सारायला निघाला होता आणि डी मात्तेओनं येऊन फक्त त्यांना परत मैदानात सोडलं. बघा, इथं पुढच्या माणसानं काय वेगळं करायचं ते दोन वाक्यांत सांगता येतं. टुखेलच्या वेळी पण तेच, आधीच्याच उन्हाळ्यात महागडे प्लेयर आणून ठेवलेले, गोल खाणं थांबव एवढंच काम, त्यानं मागं तीन डिफेंडर लावले आणि ते काम केलं. आणि हेही विसरू नका की डी मात्तेओलाही कप जिंकल्यावर सहा महिन्यांत काढलाच. चेल्सीनं कधी ढोंग केलं नाही की आम्ही साम्राज्य उभारतोय. भाड्याचं घर होतं, भाडेकरू बदलत होते, पण पाया, भिंती आणि मालकाचा खिसा मजबूत होता.

हेच औषध संडरलँडनं घेतलं तेव्हा काय झालं ते बघा, माझ्या मते ह्या सगळ्या वादात ह्याच्याइतकं बोलकं उदाहरण नाही. २०१३ च्या मार्चमध्ये मार्टिन ओ'नीलला काढला, डी कॅनिओ आला, वाचले, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये जायचं टळलं. सप्टेंबरात डी कॅनिओला काढला, पोयेत आला, २०१४ ला वाचले. २०१५ च्या मार्चमध्ये पोयेतला काढला, अ‍ॅडव्होकाट आला, वाचले. ऑक्टोबरात अ‍ॅडव्होकाट स्वतःच गेला, अ‍ॅलरडाइस आला, २०१६ ला वाचले. चार वर्षं, चार वेळा, दरवेळी नवा माणूस आणि दरवेळी सुटका! ह्या चार वर्षांत तुम्ही संडरलँडच्या माणसाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता काढणं हाच जालीम उपाय आहे, आकडे बघा. आणि २०१७ ला खाली गेले, आणि २०१८ ला आणखी एक पायरी खाली, थेट तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. दरवर्षी मॅनेजरच्या आवडीनं प्लेयर आणायचे, पुढच्या वर्षी तो नसायचा, प्लेयर आणि त्यांचे पगार मागं राहायचे. ताप उतरवायची गोळी चालत होती म्हणून कुणी रक्त तपासलंच नाही. मला विचाराल तर संडरलँडचं नशीब फुटकं होतं ते २०१७ ला नाही, २०१४ ला जेव्हा ते वाचले तेव्हा.

हाकला-पार्टीचा आणखी एक मुद्दा मी कधीच खोडू शकलेलो नाही आणि तो अगदी व्यवहारातला आहे. पंचवीस प्लेयर एका दिवसात बदलता येत नाहीत, ट्रान्स्फरची खिडकी बंद असते, मालक स्वतःला काढत नाही, मग हातात राहतं काय, एक मॅनेजर. हे अन्यायाचं असेल पण खरं आहे. आणि काही वेळा ड्रेसिंग रूममधून माणूस उठलेला असतो, त्याचं कुणी ऐकत नाही, तेव्हा थांबणं म्हणजे निव्वळ आळस. न्यूकॅसलनं २०१६ ला मॅकलॅरेनला ११ मार्चपर्यंत ठेवला, दहा मॅच उरलेल्या असताना बेनिटेझला आणला. बेनिटेझसारखा माणूस मिळाला, शेवटच्या सहा मॅच हरले नाहीत, तरी खाली गेले. तोच जानेवारीत आला असता तर? तेव्हा उशिरा काढणं हा गुण नाही, कुणी सबुरीच्या नावाखाली निर्णय टाळत असेल तर त्याला सबुरी म्हणू नका.

आता युनायटेडच्या २०२४ कडं या, कारण सगळे रोग एकत्र बघायचे असतील तर ते वर्ष पुरेसं आहे. लीगमध्ये ८ वा नंबर, प्रीमियर लीगच्या काळातला तोपर्यंतचा सगळ्यात वाईट. मे महिन्यात टेन हागनं फायनलमध्ये सिटीला हरवून एफए कप आणला. नवे मालक, म्हणजे पार्ट मालक, इतर मॅनेजरांशी बोलले, कुणी पटला नाही, मग इबिझाला सुट्टीवर गेलेल्या टेन हागला जाऊन सांगितलं की बाबा तूच राहा. जुलैमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट २०२६ पर्यंत वाढवलं. उन्हाळ्यात त्याच्या जुन्या आयाक्स क्लबातले ओळखीचे डी लिख्ट, मझरावी आणले, बाकीही आणले, खर्च वीस कोटी पाउंडांच्या घरात. आणि २८ ऑक्टोबरला, लीगच्या नऊ मॅचनंतर, १४ व्या नंबरवर असताना त्याला काढला. नऊ मॅचमध्ये असं काय कळलं जे आधीच्या दोन वर्षांत कळलं नव्हतं? त्याला आणि त्याच्या स्टाफला घालवायला एक कोटी चार लाख पाउंड लागले. ज्या डॅन अ‍ॅशवर्थला न्यूकॅसलकडून भांडून, महिनोन् महिने वाट बघून फुटबॉलचं काम बघायला आणलं होतं तो पाच महिन्यांत डिसेंबरात गेला, त्याचे एक्केचाळीस लाख वेगळे. मी हे आकडे वाचतो तेव्हा मला आमच्याकडच्या सोसायट्यांची आठवण येते, पण जाऊ दे.

आणि पैसे ही तर छोटी गोष्ट. आणला कुणाला? रुबेन अमोरिमला. माणूस हुशार, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगला दोनदा लीग जिंकून दिलेली, पण खेळ ३-४-३, मागं तीन डिफेंडर, बाजूला विंगबॅक, म्हणजे आख्खी कड एकट्यानं वर-खाली सांभाळणारे, आणि तो ह्यातून हलत नाही हे पोर्तुगालमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. युनायटेडकडं काय होतं? विंगर, म्हणजे कडेनं हल्ला करणारे. रॅशफर्ड, गार्नाचो, अँटनी. आणि विंगबॅक? जवळपास शून्य. अमोरिमनं स्वतः सांगितलंय की मला उन्हाळ्यात यायचं होतं, मला म्हणाले आत्ता नाहीतर कधीच नाही. मग रॅशफर्ड व्हिलाला, अँटनी बेटिसला, गार्नाचो पुढं चेल्सीला, म्हणजे एका मॅनेजरसाठी साडेनऊ कोटी युरोला आणलेला अँटनीसारखा विंगर दुसऱ्या मॅनेजरच्या नकाशात बसतच नाही. सीझन संपला तेव्हा १५ वा नंबर, ४२ पॉइंट, बिलबाओला युरोपा लीगची फायनल हरलेली, ती पण १७ व्या नंबरवरच्या टॉटनहॅमकडून. ऑगस्टमध्ये चौथ्या डिव्हिजनच्या ग्रिम्सबीकडून पेनल्टीवर १२-११ नं हरले. आणि जानेवारी २०२६ मध्ये अमोरिमलाही काढलं. टेन हागला काढायचं होतं तर मे मध्ये काढायचं, ठेवायचं होतं तर पुढच्या मेपर्यंत ठेवायचं, ऑक्टोबर हा कुठला मुहूर्त? मी टेन हागचा वकील नाही, त्याची टीम दुसऱ्या टीमला मधली जागा अशी मोकळी सोडायची जशी काय गंगावेशीचा रस्ता पहाटे चारला. पण ज्यांनी त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं त्यांच्यातल्या कुणाला पगारात एक रुपया तरी कमी मिळाला का?

हे सगळं विलायतेचं झालं, आपल्याकडं बघा, आपल्याकडं ह्याचं उलटं उदाहरण आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. एफसी गोवानं जानेवारी २०२० च्या शेवटी सर्जिओ लोबेराला काढला, टीम टेबलमध्ये एक नंबरला असताना! लीगच्या तीन मॅच उरलेल्या. क्लिफर्ड मिरांडा ह्या गोव्याच्याच माणसाच्या हातात टीम दिली आणि शील्ड, म्हणजे लीगच्या टेबलातला पहिला नंबर, जिंकली, आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये जाणारा पहिला भारतीय क्लब झाला. वरवर बघितलं तर काढलं आणि फळलं. पण टीम कुणी बांधली होती? लोबेरानं. तो मग मुंबई सिटीला गेला आणि त्याच्यामागोमाग बूमूस, जाहू, मुर्तदा फॉल आणि आपला मंदार राव देसाई हे पण गेले, आणि २०२०-२१ ला मुंबईनं शील्ड आणि प्लेऑफचा कप दोन्ही उचलले. गोव्याला कळलं काय घालवलं ते. आणि मुंबईची खरी गोष्ट तर त्यानंतर आहे. लोबेरा गेला, डेस बकिंगहॅम आला, पहिल्या सीझनला ५ वा नंबर, प्लेऑफ पण नाही. दुसरीकडं कुठं असता तर गेला असता, कारण आदल्या वर्षी डबल जिंकलेली टीम होती. ठेवला. पुढच्या वर्षी २० मॅचमध्ये ४६ पॉइंट आणि शील्ड. मग २०२३ च्या नोव्हेंबरात तोच ऑक्सफर्डला गेला, सीझनच्या मध्ये, आणि पेत्र क्रात्की आला, आणि मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बगानला ३-१ नं हरवून कप. चार वर्षांत तीन कोच, तिघांनी जिंकून दिलं, कारण वरून कुणीतरी ठरवलं होतं की बॉल आपल्याकडं ठेवून खेळायचं, त्या पद्धतीचेच प्लेयर घ्यायचे आणि त्या पद्धतीचाच कोच शोधायचा. इथं बकिंगहॅमला ठेवणं आणि क्रात्कीला आणणं ह्या दोन विरुद्ध गोष्टी वाटतात पण दोन्ही एकाच विचारातून आल्या.

ब्रेंटफर्डचं पण असंच. २०१८ ला थॉमस फ्रँकला असिस्टंटचा हेड कोच केला आणि पहिल्या १० पैकी ८ मॅच हरला. मालक मॅथ्यू बेनम हा बेटिंगच्या आकडेमोडीतून पैसा केलेला माणूस, तो स्कोअर बघत नव्हता, टीम किती आणि कसले चान्स तयार करते ते बघत होता, ते ठीक होतं म्हणून गप्प बसला. २०२१ ला क्लब प्रीमियर लीगमध्ये. आणि २०२५ ला फ्रँक टॉटनहॅमला गेला तेव्हा सेट-पीसचा, म्हणजे कॉर्नर-फ्रीकिकचा, कोच कीथ अँड्र्यूज वर आला, कसली रडारड नाही. मार्टिन एडवर्ड्स डोळ्यांनी बघत होता, बेनम आकड्यांनी बघतो, दोघं बघत मात्र कामच होते.

लोक म्हणतील, तुझं सगळं बरोबर, पण टीम हरतीय आणि क्लब शांत बसलाय हे फॅननं कसं सहन करायचं? काहीतरी करा की! हे 'काहीतरी करा' फार डेंजर आहे. इस्रायलमध्ये संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासल्या, गोलकीपर जवळपास दरवेळी डावीकडं किंवा उजवीकडं झेप घेतो, शंभरात सहा वेळाच मध्ये उभा राहतो, आणि गंमत म्हणजे मध्ये उभा राहिला असता तर जास्त अडवल्या असत्या. मग उडी का मारतो? कारण उडी मारून गोल खाल्ला तर लोक म्हणतात बिचाऱ्यानं प्रयत्न केला, उभं राहून खाल्ला तर म्हणतात झोपला होता का. बोर्डाची हकालपट्टी ही बऱ्याचदा अशीच गॅलरीला दाखवायची उडी असते. आपल्याला हे नवं नाही. १९८० ते १९८८ ह्या आठ वर्षांत महाराष्ट्रानं सहा मुख्यमंत्री बघितले, अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, शरद पवार, आणि दरवेळी निर्णय दिल्लीत. माणसं गेली-आली, पाठवणारे तेच राहिले. जुन्या लोकांनी विचारून ठेवलंय, घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली, आणि तिन्हीचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळं. एकदम मान्य. पण करपायला तवा तापलेला लागतो. युनायटेडच्या चुलीत लाकूडच नाही आणि आपण गेली बारा वर्षं कच्ची भाकरी ह्या बाजूवरून त्या बाजूवर टाकत बसलोय.

एवढं लिहून झाल्यावर मला स्वतःलाच एक माणूस टोचत राहतो, आणि तो म्हणजे तोच मार्क रॉबिन्स, ज्याच्या गोलनं फर्गी वाचला असं सगळे म्हणतात. पुढं तो मॅनेजर झाला. २०१७ ला कॉव्हेंट्रीला गेला तेव्हा क्लब चौथ्या डिव्हिजनकडं घसरत होता, तिथून त्यानं तो वर आणला, २०२३ ला प्रीमियर लीगपासून एका प्लेऑफ फायनलवर नेऊन ठेवला, एप्रिल २०२४ ला वेम्ब्लीवर एफए कपच्या सेमीमध्ये टेन हागच्या युनायटेडविरुद्ध ०-३ वरून ३-३ केलं आणि पेनल्टीवर हरला. त्या वर्षी ऑक्टोबरात टेन हागला काढलं आणि दहा दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, रॉबिन्सला. टीम १७ व्या नंबरवर होती, सात वर्षांचं काम होतं, मी तर कृतघ्न म्हणालो. आणि लॅम्पार्ड आला आणि त्याच सीझनमध्ये तीच टीम ५ व्या नंबरवर, प्लेऑफमध्ये. म्हणजे काढणं फळलं. माझ्या बाजूनं मी एवढंच म्हणू शकतो की लॅम्पार्डला रॉबिन्सनं बांधलेली, बिघडलेली नव्हे तर रुसलेली टीम मिळाली आणि तिच्याकडून काय पाहिजे ते मालकाला माहीत होतं, पण गाड्यावर हे सांगितलं तर समोरचा म्हणेल तू प्रत्येक निकालाला तुझ्याच मापाचा सदरा शिवतोस, आणि त्याला मी काय उत्तर देणार. रॉबिन्स स्वतः दीड-दोन महिने घरी बसला आणि १ जानेवारी २०२५ ला स्टोक सिटीत रुजू झाला. स्टोकनं त्या सीझनमध्ये आधीच दोघांना काढलं होतं, हा तिसरा.